छोटी गाडी, छोटं बजेट, चांगला आवाज : पैसे आधी कुठे घालायचे?

आजचा एपिसोड गाडीतल्या म्युझिक सिस्टिमवर आहे. तुमच्या मेसेजेसमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येतोय. "गाडी छोटी आहे, बजेट दहा-पंधरा हजार आहे, कंपनीचा आवाज अगदीच डबा आहे. काय घेऊ?" अल्टो, वॅगनआर, टियागो, आय-टेन, सेलेरिओ, नावं वेगळी आणि दुखणं एकच.

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. चांगली सिस्टिम म्हणजे जी बसवल्यावर तुम्ही व्हॉल्यूम वाढवत नाही, कमी करता. कारण शब्द कमी आवाजातही कळायला लागतात. आणि त्यासाठी पैसे घालायचा क्रम असा: आधी सेटिंग, मग दार, मग पुढचे स्पीकर, मग थांबायचं आणि महिनाभर ऐकायचं. सबवूफर आणि अ‍ॅम्प त्यानंतर. मोठी टचस्क्रीन सगळ्यात शेवटी. बहुतेक दुकानांत हा क्रम बरोबर उलटा विकला जातो.

माझ्या एका मित्राचं उदाहरण घेतो. सेकंड हँड हॅचबॅक, हप्ते चालू, रोज हडपसर ते हिंजवडी, महिन्यातून दोनदा आईबाबांना घेऊन साताऱ्याला. काकांना कीर्तन आणि जुनी नाट्यगीतं लागतात, पण कात्रज ओलांडला की त्यांची एकच तक्रार: "अरे, नुसता धडधडाट होतोय, शब्द कुठे आहेत?" मित्राने एका दुकानात विचारलं. अर्ध्या तासात हातात कोटेशन, ४२ हजार रुपये. त्यात १० इंची अँड्रॉइड स्क्रीन, डिकीत १२ इंची बेस बॉक्स, अ‍ॅम्प आणि मागच्या ट्रेवर दोन ओव्हल स्पीकर.

आता यादी नीट बघा. काका पुढे बसतात, आणि पुढच्या दारातल्या स्पीकरसाठी या यादीत एक रुपयाही नाही. ४२ हजार देऊन धडधडाट वाढला असता, शब्द तिथेच राहिले असते.

आपण सॉफ्टवेअरवाले लोक म्हणतो ना, आधी प्रोफाइल करा, मग ऑप्टिमाइझ करा. अडतंय कुठे हे न बघता नवीन सर्व्हर घेतला तर बिल वाढतं, अ‍ॅप तसंच राहतं. गाडीच्या आवाजाचंही तसंच आहे.

पायरी पहिली : फुकटातलं

पहिला रविवार एकही रुपया खर्च न करता घालवा.

फोनपासून सुरू करू. स्ट्रीमिंग अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ऑडिओ क्वालिटी बघा. स्पॉटिफायमध्ये सगळ्यात खालची पातळी सुमारे २४ केबीपीएस आहे, नॉर्मल ९६, हाय १६० आणि व्हेरी हाय ३२०. 'ऑटोमॅटिक' ठेवलं असेल तर नेटवर्क पडलं की क्वालिटीही पडते, आणि खंबाटकी घाटात काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा. ३२० केबीपीएसवर एक तासाचं संगीत साधारण १४४ एमबी होतं, फार नाही.

फोन ब्लूटूथवर असेल तर फोनचा व्हॉल्यूम ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि आवाज स्टिरिओवरून कमी-जास्त करा. शक्य असेल तिथे यूएसबी केबल लावा. फोनमधला इक्वलायझर आणि स्टिरिओमधला इक्वलायझर, दोन्ही एकदम चालू ठेवू नका. एक बंद, दुसऱ्यात बेस आणि ट्रेबल शून्यावर. 'लाउडनेस' नावाचं बटण असेल तर तेही बंद. ते हळू आवाजात ऐकताना बेस उचलून देण्यासाठी असतं, हायवेच्या आवाजात ते फक्त आवाज फाडतं.

मग फेडर. फेडर म्हणजे पुढे-मागे आवाज वाटण्याचं सेटिंग. ते पुढे न्या. मैफलीत गायक तुमच्या समोर बसतो, पाठीमागून कानात गात नाही. मागचे स्पीकर मागे बसणाऱ्यांसाठी, तेही हळू.

आता खडखड. नंबर प्लेटच्या मागे फोमची पट्टी लावा. ग्लोव्ह बॉक्समधली नाणी आणि चाव्या काढा. दाराच्या चौकटीचं रबर, ज्याला गॅरेजवाले बीडिंग म्हणतात, ते कडक झालं असेल तर बदला. टायरमध्ये हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा. हे सगळं म्युझिक सिस्टिममध्ये मोडत नाही असं वाटेल. पण बाहेरचा आवाज जेवढा आत येतो, तेवढ्याच्या वर तुम्हाला गाणं वाजवावं लागतं. बाहेरचा आवाज कमी केला की स्पीकरला फुकटात ताकद मिळते.

पायरी दुसरी : दार म्हणजेच स्पीकरचा डबा

हा आजच्या एपिसोडचा गाभा आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

घरी एखादा जुना सुटा स्पीकर असेल तर एक प्रयोग करा. तो नुसता हातात धरून हळू आवाजात वाजवा. बेस येणारच नाही, नुसती किरकिर. आता एका मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडा, स्पीकर त्यावर घट्ट दाबून धरा. तोच स्पीकर, तोच फोन, आणि अचानक ढोलकीला अंग येतं.

कारण सोपं आहे. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे पुढची लहर आणि मागची लहर बरोबर उलट्या असतात. दोन्ही एकमेकींना भेटल्या की खालचे सूर रद्द होतात. ८० हर्ट्झच्या सुराची लांबी चार मीटरहून जास्त असते, त्याला स्पीकरच्या कडेने वळून पलीकडे जाणं काहीच नाही. पुठ्ठा मध्ये आला की रस्ता अडतो आणि बेस टिकतो.

आता छोट्या गाडीचं डोअर पॅड काढून आत बघा. पातळ पत्रा, त्याला हाताएवढी मोठी भोकं, वर एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला. स्पीकर आणि पत्रा यांच्यात फट. म्हणजे तुमचा स्पीकर जवळजवळ हातात धरलेल्या सुट्या स्पीकरसारखाच वाजतोय. वर पत्रा स्वतःही थरथरतो. अशा दारात ८ हजारांचा स्पीकर लावला तरी तो ८ हजारांचा वाजणार नाही.

म्हणून दारात चार कामं करायची. एक, बाहेरच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट लावायची. पूर्ण झाकायची गरज नाही, मधला मोठा मोकळा भाग झाकला तरी पत्र्याची थरथर बरीच बसते. दोन, आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करायची. तीन, स्पीकर मजबूत स्पेसर रिंगवर बसवायचा आणि रिंगच्या दोन्ही बाजूंना फोमची गॅस्केट लावायची, फट ठेवायची नाही. चार, डोअर पॅडच्या क्लिपा तुटल्या असतील तर नवीन घालायच्या.

शीट घेताना ब्यूटिल रबरची घ्या. गच्चीला लावायची डांबरी शीट स्वस्त पडते म्हणून कोणी सुचवेल. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बंद गाडीत ती मऊ होते, वास सोडते आणि घसरते.

आणि दोन गोष्टी अगदी जपून. दाराच्या तळाला पाणी बाहेर जायची छोटी भोकं असतात. काचेवरून उतरलेलं पावसाचं पाणी दारात जातं आणि तिथून बाहेर पडतं. ती भोकं झाकली तर एका पावसाळ्यात दार आतून गंजेल. दुसरं, काही नव्या गाड्यांत दाराच्या आत साइड एअरबॅगचा प्रेशर सेन्सर असतो. तुमच्या गाडीत तो असेल तर दाराची पोकळी बंद करायला हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले की ते एअरबॅगचे समजायचे आणि तिथून हात बाजूला.

पायरी तिसरी : पुढचे दोन स्पीकर

कंपनीचे स्पीकर हलक्या कागदी पडद्याचे, छोट्या मॅग्नेटचे असतात, कारण त्या किमतीच्या गाडीत तेवढंच बसतं. ते बदलायचे, पण बॉक्सवरचे मोठे आकडे वाचून नाही.

स्टिरिओवर लिहिलेलं असतं '५० वॅट गुणिले ४'. हिशोब करू. गाडी चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १४.४ व्होल्ट असतात. एवढ्या व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ, न फाटलेला आवाज जास्तीत जास्त २६ वॅटच्या आसपास मिळू शकतो. आतलं नुकसान धरलं की तो २० च्या आसपास येतो. पटत नसेल तर स्टिरिओच्या मागे फ्यूज बघा. तिथे १० अँपिअरचा असेल तर १० गुणिले १४.४, म्हणजे १४४ वॅट. आत १४४ जात असतील तर बाहेर सतत २०० येतील कुठून? ५० हा क्षणभराचा, फाटलेल्या आवाजाचा आकडा आहे.

म्हणून स्पीकर घेताना बॉक्सवर दोनच गोष्टी बघा. पहिली आरएमएस वॅट, म्हणजे सतत पेलणारी ताकद. दुसरी सेन्सिटिव्हिटी, डेसिबलमध्ये. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट वॅट लागतात. म्हणजे ९० डेसिबलचा स्पीकर अर्ध्या ताकदीत तेवढाच वाजतो, जेवढा ८७ चा पूर्ण ताकदीत. तुमच्याकडे वेगळा अ‍ॅम्प नाही, स्टिरिओचे २० वॅटच आहेत, तेव्हा जास्त सेन्सिटिव्हिटी म्हणजे फुकटचा अ‍ॅम्प. '३५० वॅट मॅक्स' कितीही मोठ्या अक्षरांत असू दे.

आता कोअॅक्शियल की कॉम्पोनंट? कोअॅक्शियलमध्ये ट्विटर वूफरच्या मधोमध असतो. लावायला सोपं आणि स्वस्त. कॉम्पोनंटमध्ये ट्विटर वेगळा मिळतो, तो आरशाजवळच्या कोपऱ्यात किंवा डॅशवर बसवता येतो. दारातला स्पीकर तुमच्या गुडघ्याकडे बघत असतो, आणि माणसाच्या बोलण्यातली स्पष्टता, ते स, श, त, क, हे वरच्या सुरांत असतं. वरचे सूर सरळ रेषेत जातात, गुडघ्यात अडकतात. ट्विटर कानाच्या पातळीला आला की शब्द सुटे होतात. मित्राच्या गाडीत काकांसाठी म्हणून आम्ही कॉम्पोनंटच घेतले.

माप आधी मोजा. काही छोट्या गाड्यांत ४ इंची जागा असते, काहींत ६ किंवा साडेसहा इंची. खोलीही मोजा, नाहीतर काच खाली केल्यावर ती मॅग्नेटला अडेल.

फिटिंगवाल्याला एक वाक्य आधीच सांगा: "दादा, कंपनीची वायर कापायची नाही, कपलर लावायचा." कपलर थोड्या पैशांत मिळतो. वायर कापून टेप गुंडाळली की वॉरंटीवर वाद होतो आणि शॉर्ट सर्किटची भीती कायमची राहते.

फिटिंग झाल्यावर दुकानातच एक चाचणी करा. फक्त बोलण्याचा आवाज लावा, एखादा पॉडकास्ट, हाच लावा! बॅलन्स मध्यभागी. आवाज डॅशच्या मधून आल्यासारखा वाटला पाहिजे. तो पसरलेला, डोक्याच्या दोन्ही बाजूंना लटकल्यासारखा वाटत असेल आणि बेस गायब असेल, तर एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं लागलंय. दोन मिनिटांचं काम आहे, पण निघून गेलात की कोणी परत डोअर पॅड काढत नाही.

गाणं म्हणून मी 'सैराट'चा अल्बम लावतो. त्यातला ऑर्केस्ट्रा हॉलिवूडच्या स्टुडिओत प्रत्यक्ष वादक बसवून रेकॉर्ड झालाय, त्यामुळे व्हायोलिन्सचा थर आणि खालचा ढोल वेगळे ऐकू येतात की एकमेकांत कालवले जातात, ते लगेच कळतं.

हिशोब

मित्राच्या गाडीचा खर्च सांगतो. ब्रँड आणि शहरानुसार आकडे हलतील. पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग ३,०००. कॉम्पोनंट स्पीकरची जोडी ५,२००. रिंग, गॅस्केट, कपलर, क्लिपा मिळून ९००. मजुरी १,८००. एकूण १०,९००. स्टिरिओ कंपनीचाच ठेवला.

मग आम्ही थांबलो. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. महिनाभर गाडी चालवली, साताऱ्याच्या दोन फेऱ्या झाल्या. आधी हायवेला व्हॉल्यूम २४ वर असायचा, आता १७ वर पुरतो. काकांनी तक्रार बंद केली आणि पुढे काय लावायचं त्याच्या फर्माइशी सुरू केल्या. मित्राला बेस अजून हवा होता, पण हप्ता भरून झाल्यावर बघू म्हणाला. ते योग्यच आहे.

सबवूफर हवाच असेल तर

छोट्या गाडीत डिकी आधीच एवढीशी. १२ इंची बॉक्स ठेवला की बॅगा मांडीवर. त्यापेक्षा सीटखाली बसणारा चपटा सबवूफर बघा, ज्याच्या आतच अ‍ॅम्प असतो. तो घर हलवणार नाही, पण तबल्याचा डग्गा आणि पखवाज भरून येतील. त्याचं लो पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, आणि स्टिरिओत सोय असेल तर दारातल्या स्पीकरना ८० च्या खालचे सूर हाय पास लावून बंद करा. खालचं ओझं उतरलं की दारातले स्पीकर अजून स्वच्छ वाजतात.

आता इथे पैसे वाचवायचे नाहीत असा एक मुद्दा आहे. सबवूफरला किंवा अ‍ॅम्पला बॅटरीतून थेट वायर जाते. त्या वायरवर फ्यूज हवा, आणि तो बॅटरीपासून साधारण दीड फुटाच्या आत हवा. अ‍ॅम्पजवळ फ्यूज आहे म्हणून चालत नाही. कारण हा फ्यूज अ‍ॅम्प वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. इंजिनाच्या बाजूने वायर पत्र्यातून आत येते, तिथे ती घासून तिचं आवरण गेलं आणि बॅटरीकडे फ्यूज नसेल, तर बॅटरी आपली सगळी ताकद त्या वायरमध्ये ओतते. गाडी पेट घ्यायला तेवढं पुरतं. पत्र्यातून वायर जिथे जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच.

वायर पूर्ण तांब्याची मागा. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर भरपूर मिळते. ती त्याच जाडीला कमी करंट वाहते आणि जास्त तापते. ओळखायचं कसं? एक तार ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखा रंग दिसला तर ती तांब्याची नाही.

आणि छोट्या गाडीची बॅटरी बरेचदा ३५ अँपिअर-अवरची असते. इंजिन बंद करून मित्रमंडळींसोबत तासभर बेस वाजवला तर परतीला धक्का मारायची तयारी ठेवा.

बसवलेल्या सगळ्याची बिलं ठेवा. बाहेरून लावलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तू इन्शुरन्स पॉलिसीत वेगळ्या नोंदवाव्या लागतात, नाहीतर चोरी किंवा अपघातानंतर त्यांचे पैसे मिळायची आशा धरू नका.

शेवटचा मुद्दा : कान

व्हॉल्यूम कमी करण्यावर मी एवढा का अडून बसलोय? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकायला हरकत नाही. पण दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. रोज जाऊन-येऊन दीड तास गाडीत असाल तर पाच दिवसांचे साडेसात तास झाले. म्हणजे ८९ वर ऐकत असाल तर गुरुवारीच कोटा संपला. वर ऑफिसात इयरफोन आहेतच. कानाच्या आतल्या पेशी गेल्या की परत येत नाहीत, स्पीकर बदलता येतो.

आणि रस्त्यावर तुम्ही एकटे नसता. मागून अ‍ॅम्ब्युलन्स येतेय, बाजूने दुचाकीवाला हॉर्न देतोय, हे ऐकू यायलाच हवं. फोनवर डेसिबल मोजायचं एखादं फुकट अ‍ॅप टाका. अगदी अचूक नसतं, पण आधी आणि नंतरचा फरक नक्की दाखवतं.

तर या रविवारी गृहपाठ असा: इक्वलायझर शून्य, फेडर पुढे, नंबर प्लेटला फोम, आणि पुढच्या दारावर स्पीकरजवळ बोटाने टकटक. डब्यासारखा आवाज आला तर पहिला खर्च कुठे करायचा ते तुम्हाला कळलं. मग नाना पेठेत जा, नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, कोणीही स्क्रीन दाखवायला लागला की म्हणायचं, "ती नंतर बघू, आधी दार उघडा."

तुमच्या गाडीचं मॉडेल, बजेट आणि पुढच्या स्पीकरचं माप लिहून पाठवा. दोन-तीन गाड्या निवडून पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये त्यांचा खर्चासकट प्लॅन करू. तोपर्यंत ऐकत राहा, पण जरा हळू आवाजात. भेटू!